मशाल न दिसणारा डोळा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा चार दिवस राहायला आला आणि माझ्या लॅपटॉपचा ताबा गेला. माइनक्राफ्टमध्ये त्याने डोंगर पोखरून तळघर खोदलं होतं. तळघराला लोखंडी दार आणि दाराशेजारी डेलाइट डिटेक्टर. बेत साधा होता: मशाल घेऊन आपण आलो की उजेड पडावा, डिटेक्टरला तो कळावा आणि दार आपोआप उघडावं. तो मशाल हातात धरून दारापुढे उभा राहिला. काही नाही. मग मशाल डिटेक्टरला खेटून जमिनीत रोवली. तरी काही नाही. एकाच्या सहा मशाली झाल्या, तळघर लग्नाच्या मांडवासारखं उजळलं, पण दार ढिम्म.

"मामा, हा सेन्सर बिघडलाय."

सेन्सर बिघडला नव्हता. बिघाड असलाच तर तो त्याच्याकडून केलेल्या अपेक्षेत होता. 'उजेड ओळखणारा ठोकळा' असं आपण सहज म्हणतो, पण या खेळात उजेड दोन जातींचा आहे आणि या ठोकळ्याला त्यातली एकच जात दिसते. भाच्याला जे हवं होतं ते खेळात नाहीच. मग ते असायला हवं का, आणि हवं असेल तर नेमकं काय मागायचं, यावर आमचे उरलेले तीन दिवस गेले. हे प्रकरण त्या तीन दिवसांचं आहे.

आधी उजेडाचा हिशोब. माइनक्राफ्टमध्ये उजेड ० ते १५ अशा सोळा पायऱ्यांत मोजतात. सोळाच का, याचं उत्तर संगणकाच्या पोटात आहे. चार बिटांत बरोबर सोळा आकडे मावतात आणि चार बिट म्हणजे अर्धा बाइट. जगाचे तुकडे १६ × १६ × १६ ठोकळ्यांचे, म्हणजे एका तुकड्यात ४,०९६ ठोकळे. प्रत्येकाला अर्धा बाइट दिला की एका तुकड्याचा उजेड २,०४८ बाइटांत बसतो. पण अशा वह्या दोन आहेत. एकीत आकाशातून आलेला उजेड लिहिलेला असतो, दुसरीत मशाली, कंदील, लाव्हा अशा वस्तूंनी दिलेला. ठोकळा एकच, नोंदी दोन.

कीबोर्डवरचं एफ३ बटण दाबलं की हे दोन्ही आकडे पडद्यावर वेगवेगळे दिसतात. भाच्याला मी मशालीशेजारी उभं केलं आणि बटण दाबायला सांगितलं. आकाशाचा आकडा ०, ठोकळ्यांचा १३. (मशालीचा स्वतःचा उजेड १४, आणि एक ठोकळा दूर गेलं की एक कमी.) डेलाइट डिटेक्टर पहिली वही वाचतो, दुसरी उघडतसुद्धा नाही. सहा नाही, साठ मशाली लावल्या तरी त्या वहीतला शून्य शून्यच राहणार. शिवाय हातात धरलेली मशाल या खेळाच्या जावा आवृत्तीत उजेडच देत नाही. ती रोवावी लागते. म्हणजे बेत दोन जागी फसलेला होता.

हा ठोकळा मार्च २०१३ मध्ये आला, १.५ या आवृत्तीत. 'रेडस्टोन अपडेट' या नावानेच ती ओळखली जाते. तीन काचा, नेदर नावाच्या पाताळातून आणलेले तीन क्वार्ट्झ आणि लाकडाच्या तीन स्लॅब जुळवल्या की तो तयार होतो. काम एकच: दिवस किती वर आला आहे ते रेडस्टोनच्या भाषेत सांगायचं. रेडस्टोन म्हणजे या जगातली वीज. तिचाही जोर ० ते १५, आणि तारेत एक ठोकळा पुढे गेली की तिचाही जोर एकाने उतरतो. उजेड आणि वीज एकाच मापाने मोजली जातात. पुढे ही गोष्ट आम्हाला चांगलीच चकवणार होती.

या ठोकळ्याच्या आतलं गणित पाहिल्यावर माझा त्याच्याबद्दलचा आदर वाढला. रात्र झाली म्हणून आकाशाच्या वहीतले आकडे बदलत नाहीत. मोकळ्या माळावर दुपारी १५ लिहिलेलं असतं आणि मध्यरात्रीही १५च. पगारपत्रकात मूळ पगार तोच राहतो आणि कपात वेगळ्या रकान्यात दिसते, तसं. रात्रीची कपात ११. म्हणून निरभ्र रात्री उघड्यावर ४ उरतो. संध्याकाळ झाली की खेळाने लाखो ठोकळ्यांचे आकडे खोडून पुन्हा लिहायचे म्हटलं असतं तर दर वीस मिनिटांनी, म्हणजे खेळातल्या प्रत्येक दिवसाला, संगणकाला धाप लागली असती. त्याऐवजी सगळ्या जगासाठी कपातीचा एकच आकडा ठेवला आहे.

डिटेक्टर वहीतला आकडा घेतो, त्यातून कपात वजा करतो आणि उत्तराला सूर्याच्या कोनाने गुणतो. त्यामुळे तो सकाळी हळूहळू चढतो, दुपारी १५ ला पोचतो आणि तिन्हीसांजेला उतरतो. उरलेला ४ चा रात्रीचा उजेड या गुणाकारात मरतो आणि रात्रभर तो ० दाखवतो. म्हणजे त्याला चंद्रही दिसत नाही. २०१४ च्या १.८ आवृत्तीपासून त्यावर उजवं बटण दाबलं की तो उलटा होतो आणि अंधार मोजू लागतो. पण उलट्या स्थितीत तो कोनाचा गुणाकार करत नाही, नुसतं १५ मधून वजा करतो. म्हणून निरभ्र रात्री तो १५ न दाखवता ११ दाखवतो, आणि बंद तळघरात दिवसा-रात्री कधीही पाहा, १५! भाच्याने तो उलटा करून पाहिला, दार धाडकन उघडलं. "झालं की!" मशाली काढल्या तरी दार उघडंच. मग त्याचा चेहरा पडला.

म्हणून त्याची मागणी अशी ठरली: दुसरी वही वाचणारा ठोकळा हवा. आम्ही त्याला दिवा-सेन्सर म्हणू लागलो.

असल्या सूचना करणाऱ्यांत एक सवय मला नेहमी दिसते. ते ठोकळ्याचं वर्णन दिसण्यापासून सुरू करतात: निळा असावा, वर डोळा असावा, रात्री चमकावा. भाच्यानेही वहीच्या मागच्या पानावर आधी चित्रच काढलं. मला वाटतं, सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. खेळाला आधीपासून काय ठाऊक आहे? ठोकळ्यांच्या उजेडाचा आकडा प्रत्येक जागेसाठी लिहिलेलाच आहे. सेन्सरने तो फक्त वाचायचा आहे. नवं काही मोजायचं नाही, साठवायचं नाही. या कसोटीवर दिवा-सेन्सर सहज उतरतो.

रंगीत उजेड ओळखणारा सेन्सर मात्र इथेच गळतो. खेळाला उजेडाचा रंग माहीतच नाही. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे ठेवायचे तर अर्ध्या बाइटाच्या जागी दीड बाइट, म्हणजे वही तिप्पट जाड. एका सेन्सरसाठी सगळ्या जगाची वही पुन्हा बांधायला कोणी बसणार नाही. लेझरच्या किरणासारखा, समोरून कोणी गेलं की तुटणारा सेन्सरही भाच्याला हवा होता. पण इथला उजेड किरणांनी जात नाही, पाण्यासारखा ठोकळ्या-ठोकळ्यातून झिरपतो आणि कोपऱ्याला वळसाही घालतो. ज्याला सरळ रेषाच नाही, ती तुटणार कशी? आणि वाटेत ताणलेली ट्रिपवायरची दोरी ते काम कधीपासून करतेच आहे. तो विषय चहा संपायच्या आत संपला.

दिवा-सेन्सरचा उपयोग काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तर ताबडतोब आलं. पूर्वी ७ किंवा त्याहून कमी उजेडात झॉम्बी, सांगाडे, क्रीपर असली मंडळी उगवत. ३० नोव्हेंबर २०२१ ला आलेल्या १.१८ आवृत्तीत नियम बदलला: ठोकळ्यांचा उजेड ० असेल तरच ती उगवतात. म्हणजे १ आणि ० यांतला फरक आता जिवावरचा झाला. क्रीपरने एक मशाल उडवली तर भुयाराचा दूरचा कोपरा ० वर येतो आणि घरमालकाला पत्ताही नसतो. तिथे दिवा-सेन्सर ठेवला तर घंटा वाजवून तो सांगू शकेल. माणसाने एफ३ दाबत कोपरे तपासण्याची कटकट वाचेल. हा उपयोग मला पटला. दार उघडण्याच्या जादूपेक्षा तर नक्कीच.

आता अडचण. आमच्या सोसायटीच्या फाटकावर मागे एकदा आपोआप लागणारा दिवा बसवला होता. अंधार पडला की लागायचा. लागला की खालच्या सेन्सरवर त्याचाच उजेड पडायचा, सेन्सरला वाटायचं उजाडलं, दिवा विझायचा. विझला की पुन्हा अंधार. पहिले दोन दिवस सगळ्यांना वाटलं वायरिंग गेलं. मग वायरमनने शिडीवर चढून सेन्सरचं तोंड भिंतीकडून आकाशाकडे फिरवलं आणि काम झालं. डेलाइट डिटेक्टरला मशाल दिसत नाही, हा त्याचा दोष म्हणून आम्ही सुरुवात केली होती. पण त्यामुळेच तो अंगणातल्या दिव्याशेजारी निर्धास्त बसू शकतो. आपण लावलेला दिवा आपल्यालाच फसवील ही भीती त्याला नाही. आमचा दिवा-सेन्सर मात्र नेमका त्याच खड्ड्यात पडणार.

पडणार, असं मी ठामपणे म्हणालो आणि कागदावर मांडायला बसलो. दिवा-सेन्सर उलटा करून ठेवला आहे, म्हणजे तो अंधार मोजतो. पाच ठोकळे दूर रेडस्टोनचा दिवा. दोघांच्या मध्ये चार ठोकळे रेडस्टोनची तार. सुरुवातीला गुडुप अंधार. सेन्सर १५ देतो, दिवा लागतो. दिव्याचा उजेड १५, तो पाच ठोकळे चालून सेन्सरपर्यंत येईतो १० होतो. सेन्सर आता १५ वजा १०, म्हणजे ५ देणार. तारेच्या चार ठोकळ्यांत जोर ५, ४, ३, २ असा उतरत जातो आणि दिव्याला २ मिळतात. दिव्याला लागायला १ पुरे. म्हणजे दिवा विझतच नाही!

मी दिवा सात ठोकळ्यांवर नेला. सेन्सरपाशी उजेड ८, त्याचं उत्तर ७, तार सहा ठोकळे, शेवटी पुन्हा २. दहा ठोकळ्यांवर? पुन्हा २. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. उजेड जितका दुरून येऊन थकतो तितकाच सेन्सरचा जोर वाढतो, आणि तितकाच तो तारेत खर्च होतो. दोन्हींचं माप एक असल्यामुळे हिशोब प्रत्येक अंतरावर तंतोतंत मिटतो. सरळ तार ओढली तर फाटकावरचा तमाशा इथे होणारच नाही.

"आणि तार वाकडी असली तर?" भाच्याने विचारलं. त्याच्या घरात एकही तार सरळ नव्हती.

पाच ठोकळ्यांवरचाच दिवा, पण मध्ये काचेचा, उजेड न अडवणारा खांब आला म्हणून तारेने दोन ठोकळ्यांचा वळसा घेतला असं धरू. तार आता सहा ठोकळ्यांची. जोर ५, ४, ३, २, १, ०. दिवा विझला. विझला की अंधार, सेन्सरचं उत्तर पुन्हा १५, दिवा लागला, पुन्हा ५, पुन्हा विझला. लुकलुक सुरू. सगळा फरक दोन ठोकळ्यांच्या वळशाचा. माझ्या मते या ठोकळ्याची सूचना करणाऱ्याने चित्राच्या आधी हा आकडेमोडीचा कागद जोडायला हवा. कारण कोणीतरी पहिल्याच संध्याकाळी अशी वाकडी तार ओढणार आणि 'सेन्सर बिघडलाय' म्हणणार.

यावर खऱ्या जगातला उपाय म्हणजे दोन उंबरे ठेवणं. उजेड ४ च्या खाली गेला की दिवा लावायचा, पण विझवायचा तो १२ च्या वर गेल्यावरच. मधल्या पट्ट्यात जी स्थिती असेल ती तशीच राहू द्यायची. भाच्याला ही कल्पना इतकी आवडली की ठोकळ्यावर दोन खटके काढून त्याने उंबरे ठरवायची सोयही केली. मी ते खोडायला लावलं. उंबरा ठरवणं हे कम्पॅरेटरचं काम आहे, आणि तो डिटेक्टरसोबतच १.५ मध्ये आला आहे. बाजूने एक जोर द्या, मागून आलेला जोर त्याहून कमी असेल तर तो पुढे काही सोडत नाही. जे काम हाताशी असलेल्या दोन ठोकळ्यांनी होतं त्यासाठी तिसरा मागू नये. जुळवाजुळव हाच तर या खेळाचा आनंद आहे.

(भाच्याने यावर मला पकडलं. डेलाइट डिटेक्टर उलटा करायची सोयही जुन्या ठोकळ्यांनी जमण्यासारखी होती, मग ती का दिली? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अंगणात दिवे लावायचे असतात ते बहुतेकांना रात्रीच. ज्या कामासाठी सगळेच तो ठोकळा बनवणार ते काम तरी त्याने एकट्याने करावं, इतपत मी सावरून घेतलं.)

किती वेळा पाहायचं, हा आणखी एक बारकावा. डेलाइट डिटेक्टर सेकंदाला एकदा, म्हणजे खेळाच्या दर २० टिकांना आकाशाकडे पाहतो. सूर्य सावकाश चालतो, तेवढं पुरतं. मशाल मात्र एका क्षणात लागते. उघड्या हवेत लावलेली एक मशाल कमीत कमी १ इतका तरी उजेड ३,३०३ ठोकळ्यांना पोचवते. मशाल रोवताच एवढ्या नोंदी खेळ बदलतो. त्यातली एखादी नोंद सेन्सरच्या जागेची असेल तर त्याला त्याच वेळी हाक मारता येईल. दर सेकंदाला त्याने डोकं वर काढायची गरज नाही. (१५ उजेडाचा कंदील ४,०८९ ठोकळ्यांपर्यंत पोचतो. एका तुकड्यातल्या ४,०९६ पेक्षा फक्त सात कमी. योगायोगच, पण कागदावर हा आकडा आला तेव्हा आम्ही दोघे उगाचच खूश झालो.)

दिवा-सेन्सरची कल्पना अगदीच हवेतली नाही. फिनलंडच्या पेर्टू आहोला याने २०१० मध्ये सुरू केलेला मुक्त स्रोत खेळ आधी मायनटेस्ट होता, २०२४ पासून त्याचं नाव लुआंटी. त्यात लोकांनीच लिहिलेल्या डिजीलाइन्स नावाच्या जोडणीत एक लाइट सेन्सर आहे. त्याला तारेवरून विचारलं की तो आपल्या जागचा उजेड आकड्यात सांगतो, विचारलं नाही तर गप्प बसतो.

माझी स्वतःची सूचना वेगळी होती आणि ती भाच्याला मुळीच आवडली नाही. मला चंद्र ओळखणारा ठोकळा हवा आहे. खेळात चंद्राच्या आठ कला आहेत आणि त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. दलदलीत स्लाइम नावाचे हिरवे लिबलिबीत प्राणी पौर्णिमेला सर्वांत जास्त उगवतात, अमावास्येला मुळीच नाही. सगळ्या जगासाठी एकच आकडा, तोही खेळाला आधीच माहीत. स्वस्तात स्वस्त सेन्सर. ज्यांच्या घरात चतुर्थीचा चंद्रोदय भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहतात, त्यांना याचं महत्त्व सांगायला नको. भाचा म्हणाला, "मामा, वर बघायचं ना, चंद्र दिसतोच की." तसं तर सूर्यही दिसतोच, असं मी म्हणालो, पण तोवर तो पुन्हा दाराकडे वळला होता.

तिसऱ्या दिवशी त्याला दिवा-सेन्सर सापडला. खेळात तो होताच, फक्त ठोकळ्याच्या रूपात नव्हता. जमिनीवर साचलेला बर्फाचा पातळ थर. हा बर्फ उन्हाने वितळत नाही. भर दुपारी माळावर तसाच पडून राहतो. त्याला ठोकळ्यांचा उजेड लागतो, १२ किंवा त्याहून जास्त. म्हणजे डिटेक्टरला फक्त आकाश दिसतं आणि बर्फाला फक्त दिवा! बर्फाकडे तोंड करून ऑब्झर्व्हर ठेवायचा. समोरच्या जागेत काही बदललं की क्षणभर वीज सोडणारा हा ठोकळा. त्याच्या मागे घंटा.

त्याने बर्फाळ डोंगरावर नवं दार बांधलं, उंबऱ्याबाहेर उघड्यावर बर्फाचा एकच थर ठेवला आणि त्यापासून दोन ठोकळ्यांवर मशाल रोवली. एफ३ वर बर्फाच्या जागी १२. घंटा वाजली नाही. तो माझ्याकडे पाहू लागला. मी सांगितलं, थांब. खेळ प्रत्येक ठोकळ्याकडे सारखं लक्ष देत नाही. दर टिकाला ४,०९६ ठोकळ्यांतून तीन चिठ्ठ्या काढतो आणि ज्यांचा नंबर लागेल त्यांनाच 'तुझं काय' म्हणून विचारतो. सरासरीने एका ठोकळ्याचा नंबर ६८ सेकंदांनी येतो. नशीब असेल तर आत्ता, नाहीतर पाच मिनिटांनी.

तो गुडघे पोटाशी घेऊन पडद्याकडे बघत बसला. चकलीचा तुकडा हातातच राहिला. दीडेक मिनिटाने बर्फ नाहीसा झाला आणि घंटा वाजली. स्वयंपाकघरातून त्याची आजी धावत आली, बाहेरची बेल वाजली म्हणून.

"आता परत कसं लावायचं?" त्याने विचारलं.

मशाल काढ, मी म्हटलं. उजेड १० च्या खाली गेला की त्या जागी पुन्हा बर्फ साचू शकतो. पण त्यासाठी आधी बर्फ पडावा लागेल, आणि तो केव्हा पडायचा ते आपल्या हातात नाही.

त्याने मशाल काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची त्याची बस होती. लॅपटॉप तो रात्रभर बंद करू देईना.